आमराईतलं संशयकल्लोळ: फुकटात, चादरीवर बसून

खणभागकर
रविवार, रात्री ११:४०

आत्ताच घरी आलोय. पायावर डासांच्या गांधी उठल्यात, शर्टाला गवत चिकटलंय आणि बायको म्हणतेय आधी अंघोळ करा, मग काय ते टाइप करत बसा. पण उद्यावर टाकलं तर निम्मं विसरेन.

गेला आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत होता. सांगलीच्या आमराई बागेत रविवारी संध्याकाळी देवलांचं संगीत नाटक संशयकल्लोळ, प्रवेश सर्वांना खुला, बसायला आपापली चादर आणावी. करणारी मंडळी हौशी: काही कॉलेजची पोरं, काही रिटायर झालेले. खरं सांगतो, मला भरवसा नव्हता. संगीत नाटक म्हटलं की आपल्याला भावे नाट्यमंदिर माहीत. झाडाखाली सतरंजीवर संगीत नाटक म्हणजे हापूसचा आंबा कापून काट्यानं खाण्यातला प्रकार, असं मी ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं.

गेलो आम्ही चौघं. मी, वकील, मिरजेचा मित्र (तंबोऱ्यांच्या गल्लीत वाढलेला, त्यामुळं कोणीही गायलं तरी याचं तोंड आधी वाकडं होतं) आणि हळदीच्या पेठेतला आमचा शेठ. शेठनं जन्मात नाटक पाहिलेलं नाही. पैसे देऊन अंधारात तीन तास गप्प बसायचं आणि शिंक आली तरी पुढच्यानं मागं वळून बघायचं, हे त्याला पटत नाही. इथं फुकट आहे आणि भडंग खात बघता येतंय म्हटल्यावर आला.

साडेपाचला पोचलो तर पुढची जागा गेलेली. एका आज्जींनी मोठी चादर अंथरून चार कोपऱ्यांवर एकेक चप्पल ठेवली होती आणि मध्ये एकट्याच बसल्या होत्या, सहा जणांची जागा धरून. आम्ही कडेला टेकलो तर म्हणाल्या, "बसा की, पाय तेवढे चादरीच्या भाईर ठेवा."

सव्वासहाला नांदी. तिसरी घंटा द्यायला मंडळींकडं घंटाच नव्हती. कुणीतरी ताटली शोधत होतं, तेवढ्यात फाटकाबाहेर कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली आणि सगळे गप्प झाले. मग तीच तिसरी घंटा.

आता पहिल्या अंकातली गंमत. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात, त्या गडबडीत तिच्याजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते. ती फाल्गुनरावांच्या बायकोला, कृत्तिकेला, सापडायची असते, पुढचा सगळा घोळ त्यावरच उभा आहे. तर तसबीर पडली गवतात. पुढच्या चादरीवरचं एक चार-पाच वर्षांचं पोरगं उठलं, तुरुतुरु गेलं, तसबीर उचलली आणि रेवतीच्या हातात दिली. "काकू, तुमचं पडलं."

संपलं की हो नाटक तिथंच! रेवती बेशुद्ध पडलेली, तिनं घ्यायचं कसं? एक डोळा उघडून ती म्हणाली, "राहू दे रे बाळा, मी शुद्धीवर नाहीये." दोन मिनिटं नाटक पुढं सरकेना. हसून हसून शेठच्या नाकात भडंग गेलं. शेवटी पोराची आई येऊन त्याला उचलून घेऊन गेली, आणि त्यानं तसबीर जाता जाता टाकली ती बरोबर कृत्तिकेच्या पायाशी.

दुसरा प्रसंग दिवे लागल्यानंतरचा. सात वाजून गेलेले, मावळतीकडं जरा लाली राहिलेली, फाल्गुनराव ऐन संशयात. आणि रस्त्यावरून वरात. डॉल्बी. छातीत धडधड होईल असला. भावे नाट्यमंदिरात असं झालं असतं तर आपण दात खाल्ले असते. इथं फाल्गुनराव बोलायचे थांबले, कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघत उभे राहिले, डॉल्बी जरा पुढं गेल्यावर कृत्तिकेकडं वळून म्हणाले, "ही वरात नेमकी आपल्याच घरावरून का गेली? कोण आहे त्यात?"

मी त्या नाटकाचे पाच-सहा प्रयोग पाहिलेत. एवढी टाळी कधी ऐकली नव्हती.

नाटक कापून पावणेदोन तासांत बसवलं होतं. पदं निवडक. मिरजेच्या मित्राचं मत मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "पेटी अर्धा सूर चढी होती." मग जरा वेळानं म्हणाला, "पण अश्विनशेठ गायला बरा." त्याच्या तोंडून 'बरा' म्हणजे दुसऱ्या कुणाचा 'अप्रतिम' समजा.

---

गावभागातली
सोमवार, सकाळी ७:१५

चार चपलांवाल्या आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. :)

आम्ही सहाजण मागून येणार होतो, स्कूटर बंद पडली म्हणून उशीर झाला. त्या आधीच रिक्षानं जाऊन बसल्या होत्या. गुडघ्यांमुळं गेली आठ वर्षं त्या नाट्यगृहात गेलेल्या नाहीत. पायऱ्या चढवत नाहीत, आणि एकदा बसल्यावर मध्येच उठायचं म्हणजे अख्ख्या रांगेला उभं करायचं, याची त्यांना लाज वाटते. काल दोनदा उठल्या, एकदा पाणी प्यायला, एकदा मागच्या कुठल्या ओळखीच्या बाईंशी बोलायला, आणि परत येऊन बसल्या. नाटकाचं काही बिघडलं नाही. येताना गाडीत मागं बसून सगळी पदं म्हणत होत्या, कापलेलीसुद्धा.

एक काम होतं. त्यांची चप्पल बदलली आहे. डाव्या पायाची, तपकिरी, अंगठ्याची. कुणाकडं आली असेल तर कळवा.

---

हरिपूरकर
सोमवार, सकाळी ९:०२

आमच्या गावचा विषय निघालाय तर दोन शब्द लिहितोच. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, जन्म १८५५. संगमेश्वराच्या देवळाकडं जाताना आजही बाहेरून आलेल्यांना आम्ही अभिमानानं सांगतो.

या नाटकाचं मूळ आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाच्या १७६१ च्या कॉमेडीत आहे आणि त्याचंही मूळ मोलिएरपर्यंत जातं. देवलांनी ते आधी गद्यात आणलं, फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा या नावानं. पदं घालून गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं, पण त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले, त्यांना ते बघायला मिळालं नाही. आणि खणभागकर, हे तुम्हाला आवडेल: मर्फीच्या मूळ नाटकातला सुरुवातीचा भाग घडतो बागेतच. म्हणजे काल नाटक माहेरी आलं म्हणायचं.

अवांतर: नाटकाला लोक अजूनही नाक मुरडून "फार्सच तो" म्हणतात. संशयी नवरा आणि संशयी बायको दोघंही एकाच वेळी चुकीचे आणि दोघांकडंही पुरावा, ही वीण इतकी घट्ट आहे की एक तसबीर हलली तर सगळं कोसळतं. ते त्या पोरानं काल सिद्ध केलं.

---

तिसरी घंटा
सोमवार, दुपारी १:२०

सगळे एवढे खूश आहात, मी जरा मिठाचा खडा टाकतो. राग मानू नका.

मी गेली बावीस वर्षं बॅकस्टेज करतोय. फुकट नाटक हा आमच्या पोटावर पाय आहे. ३०० रुपयांचं तिकीट म्हटलं की "अहो, परवडत नाही" म्हणणारा माणूस त्याच संध्याकाळी हॉटेलात चौघांचं दीड हजार बिल देतो. आता त्याला आमराईत फुकट मिळालं. पुढच्या महिन्यात मुंबईचं नाटक नाट्यगृहात लागलं की हाच म्हणणार, त्यापेक्षा आमराईत बघू की! फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. भडंग खात, उठत-बसत, फोनवर बोलत नाटक बघायची सवय लागली की मग नाट्यगृहातही तेच होतं. होतंयच.

दुसरं. संगीत नाटकाला बंदिस्त जागा लागते. ऑर्गनचा सूर, गायकाचा हळू आवाज, हे मोकळ्यावर विरून जातं. माइकवर जे ऐकू येतं ते नाट्यसंगीत नव्हे, लग्नातली ऑर्केस्ट्रा.

---

खणभागकर
सोमवार, दुपारी २:०५

घंटाराव, रागाचा प्रश्नच नाही, तुमचं निम्मं मला मान्य आहे. फोनवर बोलणारे होते. माझ्या मागं एकजण कुणाला तरी ट्रॅक्टरच्या हप्त्याबद्दल समजावत होता.

पण आमच्या शेठचं काय करायचं ते सांगा. पन्नाशीचा माणूस, तुमच्या नाट्यगृहात एकदाही आला नाही. आज सकाळी दुकानातून फोन करून विचारतोय, "त्या फाल्गुनरावाचं पुढं काय झालं रे? शेवटी मला फोन आला, मी बाहेर गेलो होतो." तुमचं एक तिकीट कमी झालं की एक वाढलं?

---

तासगावकडचा
सोमवार, दुपारी ३:४८

तुम्ही शहरातली माणसं याला नवीन म्हणताय याचंच हसू येतंय. आमच्याकडं जत्रेत हेच की! गोणपाट, घोंगडी घेऊन दिवस मावळायच्या आत जागा धरायची. पोरं पुढं, बायका एका अंगाला, म्हातारी माणसं पारावर. तमाशा असो, भारूड असो, सोंगी भजन असो, मध्येच कुत्रं येणार, मध्येच पोरगं रडणार, आणि सोंगाड्या त्या कुत्र्यावरच पाच मिनिटं काढणार. तुमच्या फाल्गुनरावानं वरातीवर केलं ते आमच्या सोंगाड्याचं रोजचं काम.

उघड्यावरचा नट वेगळाच घडतो. त्याला पाठ केलेलं सोडता आलं पाहिजे आणि परत जाग्यावर येता आलं पाहिजे. नाट्यगृहातल्या नटाला अंधारात माणसं दिसत नाहीत, त्याला ती भीती माहीत नाही.

---

साउंडवाला
सोमवार, संध्याकाळी ६:३०

काल आवाज माझ्याकडं होता, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

घंटाराव, विरून जातं हे खरं. हॉलमध्ये भिंती, छत आवाज परत देतात, गायकाला फुकटात आधार मिळतो. मोकळ्यावर तो आधार नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. यावर लग्नवाल्यांचा उपाय म्हणजे पुढं दोन मोठे स्पीकर आणि वॉल्यूम वर. मग पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना नुसता धुरळा ऐकू येतो.

आम्ही चार लहान स्पीकर वाटून लावले, दोन पुढं, दोन मध्यावर. मधल्या दोनांना उशीर द्यावा लागतो. या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे साडेसतरा मीटर मागच्या स्पीकरला ५० मिलिसेकंद थांबवायचं. नाहीतर मागच्या माणसाला फाल्गुनराव दोनदा संशय घेतात.

डोकं खाल्लं ते वाऱ्यानं. संध्याकाळी वारा पश्चिमेचा. त्याचा फायदा घ्यायचा तर स्टेज पश्चिमेला हवं, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडं जातो. पण मग मावळता सूर्य लोकांच्या डोळ्यांत. दोन दिवस बागेत हिंडलो, शेवटी दाट झाडांच्या पुढ्यात जागा मिळाली, त्यांनी सूर्य अडवला. माइकना फोमच्या टोप्या घातल्या तरी नांदीच्या वेळी एक झुळूक आलीच, तो 'घुर्र' आवाज तुम्ही ऐकला असेल. ती माझी चूक.

दिवस मावळल्यावर मात्र फरक पडला. जमीन गार झाली की खालची हवा गार आणि वरची कोमट राहते, मग आवाज वर न उडता खाली वळतो. दुसऱ्या अंकात मी वॉल्यूम कमी केला होता, तरी मागं जास्त स्वच्छ ऐकू येत होतं. जुनी माणसं उगाच रात्री खेळ लावत नव्हती.

पेटी चढी होती हे मिरजेच्या दादांनी बरोबर पकडलं. ट्रान्सपोजचं, म्हणजे सूर वरखाली सरकवायचं बटण चुकून दाबलं गेलं होतं. तिसऱ्या पदाला लक्षात आलं.

---

जर्सीतली सांगलीकर
मंगळवार, पहाटे ५:१०

इकडे अजून सोमवारची संध्याकाळ आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट नावाचं उघडं नाट्यगृह आहे, १९६२ पासून. जोसेफ पॅप नावाच्या माणसानं हट्टानं उभं केलेली चळवळ, शेक्सपिअर सगळ्यांना फुकट. साधारण १८०० माणसं बसतात. मध्ये दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं.

मी पहिल्यांदा गेले ती तीन मैत्रिणींबरोबर. तिकीट फुकट, पण बारा वाजता वाटतात आणि रांग लागते सकाळपासून. आम्ही सहाला गेलो तर आमच्यापुढं शंभरेक माणसं. गाद्या, उशा, पत्ते, कॉफीचे थर्मास. मी पोळी-भाजी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पुढच्या एका आजोबांनी चटणी मागून घेतली, मग त्यांनी शेक्सपिअरच्या कोणत्या नाटकात पाऊस आला होता आणि कोणत्या नटाचा विग भिजला ते दुपारपर्यंत सांगितलं. त्या रांगेतच निम्मं नाटक झालं. संध्याकाळी मागं तळं, किल्ल्यासारखी इमारत, वरून विमानं. मधूनच एक रकून स्टेजच्या कडेनं चालत गेला आणि नटानं त्याला वाकून नमस्कार केला.

तिसरी घंटा यांना एवढंच सांगते की ब्रॉडवे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिकिटं भरमसाट आहेत आणि लोक घेतात. उलटपक्षी लंडनच्या रीजंट्स पार्कातलं उघडं नाट्यगृह १९३२ पासून चालू आहे आणि तिथं तिकीट लागतं. म्हणजे उघडं आणि फुकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण धाग्यात त्या एकच धरतोय.

---

हरिपूरकर
मंगळवार, सकाळी ८:४०

जर्सीताईंचा मुद्दा महत्त्वाचा. पैसे कोण भरतं, हाच खरा प्रश्न.

आपल्याकडंच बघा. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला सीता स्वयंवर झालं. ते बघायला कुणी खिडकीवर पैसे दिले नव्हते, खर्च संस्थानाचा होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव, पुढं मुंबईपर्यंत जावं लागलं. तिकिटाचा खेळ मराठी रंगभूमीवर आला तो असा, राजा गेल्यावर.

---

तिसरी घंटा
मंगळवार, सकाळी १०:१५

हे मान्य. मग आमराईचा राजा कोण? तेवढं कळू द्या.

---

फाल्गुनराव (खोटे)
मंगळवार, रात्री ९:३०

नमस्कार. वरातीवर संशय घेणारा तो मीच. बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. हा धागा मुलानं दाखवला.

राजा कुणी नाही. दिवे एका मंडपवाल्यानं ओळखीवर दिले. साउंडवाल्यांनी फक्त टेम्पोचं भाडं घेतलं. शालू, पगड्या आमच्या घरातल्या. शेवटी कीर्तनात आरतीचं ताट फिरवतात तशी आम्ही झोळी फिरवली. त्यात ६,८४० रुपये, दोन कैऱ्या आणि कुणाच्या तरी दुकानाची पावती निघाली. खर्च नऊ हजारांच्या वर. बाकीचे आम्ही अकराजणांनी घातले.

पैशांपेक्षा कागदांनी जीव घेतला. बागेची परवानगी, पोलिसांची परवानगी, लाउडस्पीकरची वेगळी, आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं काय हेही विचारून झालं. एका टेबलावर मला विचारलं, "संशयकल्लोळ म्हणजे नेमका कशाबद्दल संशय आहे?" मी म्हटलं, बायकोबद्दल. साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि सही केली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही म्हणून सव्वासहाला सुरुवात. नाटकातलं काय काय कापायचं यावर आमच्यात भांडणं झाली, एक सभासद अजून बोलत नाहीत.

त्या पोराबद्दल. ते आत आलं तेव्हा मला घाम फुटला होता. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात याच नाटकात काम केलं होतं, त्यामुळं वाक्यं हाडात आहेत, पण "काकू, तुमचं पडलं" याला देवलांनी उत्तर लिहून ठेवलेलं नाही. रेवती वीस वर्षांची आहे, पहिलंच नाटक. तिनं डोळा उघडून जे वाक्य टाकलं ते तिचं स्वतःचं. तासगावकर म्हणतात ती भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. सगळ्यांचे चेहरे दिसत होते, अगदी आज्जींच्या चष्म्यात आमचा दिवा दिसत होता.

येत्या रविवारी परत करतोय, तिथंच, सव्वासहाला. वळीव आला तर पेटी आधी झाकणार, मग आम्ही. डासांची उदबत्ती आणा. गाड्या फाटकासमोर लावू नका, मागच्या वेळी त्यावरून बोलणी खाल्ली.

तिसरी घंटा, तुम्ही बावीस वर्षं बॅकस्टेज केलंय म्हणता. आमच्याकडं विंगेत उभं राहणारं एकही माणूस नाही. विंगही नाही म्हणा, झाड आहे.

---

तिसरी घंटा
मंगळवार, रात्री १०:०५

किती वाजता येऊ? आणि घंटा मी आणतो. कुल्फीवाल्यावर विसंबू नका.

---

गावभागातली
बुधवार, सकाळी ७:२०

सासूबाईंचा निरोप: साडेचारलाच जाऊन बसणार आहेत. या वेळी कोपऱ्यांवर विटा ठेवणार. चपलेचं काही कळलं का?

---

खणभागकर
बुधवार, सकाळी ११:५०

कळलं. शेठला फोन केला होता. म्हणाला, "तरीच दोन दिवस डावा पाय लागतोय." अंधारात घालून गेला आणि त्याला पत्ताच नाही. रविवारी घेऊन येतोय. त्याची काळी, कोल्हापुरी, टाचेला झिजलेली, ती आज्जींकडं असेल तर तेवढी आणा.